संन्याशाच्या हाती कोणते शस्त्र शोभते?

१/ पेण तालुक्यातील जोहे गावी गणेशमूर्ती घडतात. मूर्तीच्या वरच्या हातांत बहुधा पाश आणि अंकुश असतो, कधी परशू. पाश म्हणजे मुळात दोरीचा फास, अंकुश माहुताचे अवजार आणि परशू लाकूडतोड्याची कुऱ्हाड. अवजार आणि आयुध यांतील ही पुसट सीमा संन्याशांच्या शस्त्रांनाही लागू पडते.

२/ विषय आजच्या एका वादाचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ १९७४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यात शाओलिनच्या धर्तीचे ‘मंक’ हे पात्र दाखल झाले. २०१४ च्या नियमांनी त्याला काठी, भाला यांसारखी साधी शस्त्रे आणि आखूड तलवार दिली. २०२० च्या एका ऐच्छिक नियमाने ही मर्यादा सैल केली. यादी आणखी वाढवावी, असे अनेक खेळाडूंना वाटते. संन्याशाला शस्त्र शोभत नाही, हा त्यावरचा जुना आक्षेप.

३/ इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा राहत नाही. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जतन केलेली कुबडी पाहावी. कुबडी हे जपाला बसताना हात टेकण्याचे साधन. या कुबडीच्या पोटात मात्र गुप्ती आहे.

४/ फकिरांचे माडूही तसेच. काळविटाची दोन शिंगे उलटसुलट जोडून ते बनते आणि मर्दानी खेळात आजही फिरते. गोसाव्याचा चिमटा धुनीतील निखारा उचलतो. प्रसंगी तोच प्रहारालाही पुरतो.

५/ येथवर साधन आणि शस्त्र एकच होते. पुढे चित्र पालटते. १७६१ मध्ये पानिपतावर अनूपगिरी गोसाव्याची नागा फौज शुजाउद्दौलाच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरोधात, उभी होती. हाच अनूपगिरी पुढे महादजी शिंद्यांच्या आश्रयास आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांना मिळाला. घोडे, बंदुका आणि पगारी फौज बाळगणाऱ्या गोसाव्याला जहागिरीही हवी झाली.

६/ नाशिकच्या सिंहस्थात आज शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, तर वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर. या वाटणीमागे पेशवाईच्या काळातील शैव-वैष्णवांचा रक्तरंजित संघर्ष सांगितला जातो. स्नानाचा मान कोणाचा, एवढ्या प्रश्नावर सशस्त्र संन्याशांनी एकमेकांवर शस्त्र उपसले होते.

७/ म्हणून खेळातील यादी अवश्य वाढवावी; परंतु केवळ नावे आणि प्रहाराचे आकडे वाढवून नव्हे. कुबडी, चिमटा, माडू ही शस्त्रे संन्याशाला सहज मिळावीत, कारण ती त्याच्या दिनचर्येतूनच आली आहेत. बंदूक आणि घोडा हवा असेल, तर त्याचे मोल नियमांनीच वसूल करावे: धनी पत्करावा लागावा, व्रताचे बळ घटावे, मठाचे दार बंद व्हावे.

८/ असे केल्याने खेळ रूक्ष होणार नाही. उलट, आज केवळ कोणते शस्त्र अधिक घातक एवढाच विचार करणाऱ्या खेळाडूपुढे अनूपगिरीची खरी निवड उभी राहील. हाती काय घ्यावे, या प्रश्नाआधी कोणासाठी घ्यावे, हे त्याला ठरवावे लागेल. इतिहासातील सशस्त्र संन्याशांची सर्वात मोठी अडचण हीच होती.