गुण अंगांत, डोळा खुर्चीवर

पुण्याच्या सदाशिव व नारायण या पेठांतून रात्रीं अकराच्या सुमारास जो कोणी फेरफटका मारील, त्याच्या नजरेस एक गोष्ट आल्याशिवाय राहणार नाहीं. दुकानें मिटलेलीं असतात, पण अभ्यासिकांचे दिवे जळत असतात. आणि आंत बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेलीं मुलें व मुली राज्यघटनेचीं कलमें, नद्यांचीं उगमस्थानें आणि पंचवार्षिक योजनांचीं सालें पाठ करीत बसलेलीं असतात. महिन्याच्या भाड्याची एक खाट, खाणावळीचा डबा आणि अभ्यासिकेंतील एक खुर्ची एवढ्यावर त्यांचा संसार चालतो, व त्याचा खर्च गांवाकडे सोयाबीन किंवा कापूस विकून भागविला जातो. या मुलांच्या कष्टाळूपणाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु इतक्या बुद्धीचा आणि इतक्या वर्षांचा हा व्यय कोणाच्या हिताकरितां चालला आहे, हें विचारण्याची वेळ आतां आली आहे.

आंकडे पाहावे. २०२३ सालीं तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली, तिला दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ सालीं पोलीस दलांतील सतरा हजारांवर जागांसाठीं सतरा लाखांहून अधिक उमेदवार पुढें आले. म्हणजे एका जागेमागें शंभर. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १० लाख १६ हजारांवर अर्ज होते, आणि नेमणुकीसाठीं शिफारस झाली १,०१६ जणांची. जेथें हजारांत एकाचीच हुंडी वटते अशा पेढीवर आमचा एकही व्यापारी वाचक दमडी ठेवणार नाहीं. तोच वाचक आपल्या मुलाचीं सहा-सहा वर्षें मात्र तेथें निःशंकपणें ठेवतो, आणि व्याज कां येत नाहीं म्हणून मुलावरच रागावतो!

यांत सरकारचा दोष मोठा आहे. जाहिराती वेळेवर निघत नाहींत, निकाल लांबतात, आणि मुलाचें वय मात्र थांबत नाहीं. राज्य लोकसेवा आयोगानें मुख्य परीक्षेसाठीं वर्णनात्मक पद्धति ठरविली तेव्हां पुण्यांत मुलें रस्त्यावर उतरलीं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें ती पद्धति २०२५ पर्यंत पुढें ढकलावी लागली. पद्धति मुळांत वाईट होती असें आम्हांस वाटत नाहीं. चार पर्यायांपैकीं एकावर खूण करण्यापेक्षां स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिणें केव्हांही बरें. पण ज्यानें पांच वर्षें एका पद्धतीची तयारी केली त्याला पुरेशी सूचना न देतां नियम बदलणें हा अन्याय होता, आणि मुलांची तक्रार रास्त होती. मात्र कायदा काय देतो हें उमेदवारांनींही समजून घ्यावें. घटनेचें सोळावें कलम सरकारी नोकरींत समान संधि देतें, नोकरी देत नाहीं. शंकरसन दाश यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १९९१ सालीं असा निर्णय दिला कीं, निवड-यादींत नांव आलें एवढ्यानें नेमणुकीचा पक्का हक्क उत्पन्न होत नाहीं. जेथें यादींतील नांवाची ही स्थिति, तेथें यादीबाहेरच्या नऊशें नव्याण्णवांनीं कशाच्या आधारावर आयुष्य टांगून ठेवावें?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असें आमचे वाडवडील म्हणत. ही उतरंड पुरती उलटली आहे, आणि ती केवळ मूर्खपणानें उलटली असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. ज्या बापाचें पीक तीन वर्षांत दोनदां बुडालें, तो मुलासाठीं महिन्याच्या एक तारखेस खात्रीनें येणारा पगार इच्छितो, यांत नवल काय? खासगी नोकरींत सकाळीं ठेवावें आणि संध्याकाळीं काढावें असा प्रकार त्यानें पाहिलेला असतो. शिवाय लग्नाच्या बाजारांत मुलाची किंमत त्याच्या हुद्द्यावरून ठरते. स्वतःच्या हिमतीवर उत्तम दुकान चालविणाऱ्यापेक्षां कचेरींतला कनिष्ठ लेखनिक अजूनही सरस स्थळ समजला जातो. पण ज्या खुर्चीसाठीं एवढी धडपड चालली आहे तिचेंही लाकूड बदललें आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या सेवेंत आलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन राहिलें नाहीं, आणि त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यांतील कर्मचाऱ्यांस संप करावा लागला. कित्येक खात्यांत कायम माणसाच्या जागीं कंत्राटी माणूस बसला आहे. आजा ज्या नोकरीच्या गोष्टी सांगतो, तीच नोकरी नातवास मिळेल हें गृहीत धरणें धोक्याचें आहे.

धंदे बदलतात, कधीं कधीं नाहींसेही होतात. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हां त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. त्यांपैकीं पुष्कळांस पुन्हां साच्यावर उभें राहण्याचा योग आला नाहीं. आमच्या स्वतःच्या व्यवसायाचें उदाहरण याहून जवळचें आहे. वृत्तपत्रांच्या छापखान्यांतून पूर्वीं खिळे जुळविणारे जुळारी रांगेनें उभे असत. संगणक आला आणि कांहीं थोड्या वर्षांत ते सारे खिळे भंगारांत गेले. ज्या जुळाऱ्याला फक्त खणांच्या जागा ठाऊक होत्या त्याचें पोट गेलें. ज्याचा डोळा शुद्धलेखनावर होता तो मुद्रितें तपासूं लागला, आणि ज्याला पानाची मांडणी कळत होती तो संगणकासमोर बसून तेंच काम करूं लागला. हुद्दा दोघांचाही गेला. पण डोळ्याला आणि मांडणीच्या जाणिवेला गिऱ्हाईक उरलेंच. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें पत्रें लिहितात, भाषांतरें करतात, मसुदे तयार करतात. वकिलाच्या कचेरींत जुना मसुदा पाहून नवा उतरून काढणाऱ्या कारकुनानें याची दखल आजच घ्यावी. पण अशिलाचें म्हणणें ऐकून खरा वाद कोठें आहे हें ओळखणाऱ्याला अजून भिण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, आपल्या अंगीं कोणता गुण आहे हें वीस वर्षांच्या मुलास कळावें कसें? घरांत बसून तें कळत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्याच्या हेतूनें, वडिलांच्या मनाविरुद्ध, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. तेथें गेल्यावर त्यांस समजलें कीं आपल्या डोळ्यांस कांहीं रंगांतला भेद नीट कळत नाहीं. चित्रकाराला याहून मोठी आपत्ति कोणती? पण रंग गेले तरी रेषा शाबूत होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत तीच विद्या शिकवूं लागले, आणि बढतीच्या वेळीं डावलले गेले तेव्हां नोकरी सोडून बेळगांवास सायकलींच्या दुकानांत लक्ष घालूं लागले. मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळें पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधच्या पंतप्रतिनिधींनीं आपल्या संस्थानांत जागा दिली, आणि १९१० सालीं निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येकानें कारखाना काढावा असें आमचें म्हणणें नाहीं. औंधचे पंतप्रतिनिधि सर्वांस भेटत नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रंगाचा दोष आणि रेषेचा गुण हे दोन्ही कामाला हात घातल्यावरच कळले. आणि अभ्यासिकेंत सहा वर्षें काढणाऱ्या मुलानें या सहा वर्षांत पुस्तकाखेरीज कशालाच हात लावलेला नसतो. म्हणून तिशींत परत गांवीं येतांना त्याच्याजवळ पदवी असते, पाठांतर असतें, आणि आपल्याला काय येतें या प्रश्नाला उत्तर नसतें.

येथें आमच्या व्यापारी व कारखानदार वाचकांशीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. हिशेब नीट ठेवणारा मिळत नाहीं, यंत्र दुरुस्त करणारा मिळत नाहीं, गिऱ्हाइकाशीं धड बोलणारा मिळत नाहीं, ही आपली नित्याची तक्रार. पण असा माणूस आयता कोठून यावा? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वयें, नियमांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर, तीस वा अधिक माणसें कामावर असलेल्या आस्थापनेनें त्या संख्येच्या शेंकडा अडीच ते पंधरा इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. हा कायदा कित्येक ठिकाणीं कागदावरच राहतो. आणि जेथें पाळला जातो तेथेंही शिकाऊ मुलाकडून चहा आणविणें व कागद हलविणें यापलीकडे कांहीं शिकविलें जात नाहीं असा प्रकार घडतो. ज्याच्याकडे तीस माणसें नाहींत त्यालाही एका मुलास सहा महिने जवळ बसवून रोजकीर्द कशी लिहावी, उधारी कशी वसूल करावी हें शिकवितां येईल. त्याला कायद्याची आज्ञा लागत नाहीं. मात्र त्याबद्दल मुलास कांहीं विद्यावेतन द्यावें. फुकट राबवून घेण्यास शिकविणें म्हणत नाहींत.

आईबापांनीं करावयाचें तें याहून अवघड आहे. मूल परीक्षेस बसूं पाहत असेल तर जरूर बसूं द्यावें. राज्यास चांगले अधिकारी हवेच आहेत, आणि कांहींचा खरा गुण त्याच कामाचा असतो. पण किती वेळां बसावयाचें हें आरंभींच, मन शांत असतां, उभयतांनीं ठरवावें. दोन प्रयत्न, फार तर तीन. निकालाच्या रात्रीं अशी मर्यादा कोणासही ठरवितां येत नाहीं, कारण दोन गुणांनीं हुकलेल्यास पुढची खेप नेहमीं आपलीच वाटते. आणि या काळांत आठवड्याचे कांहीं तास तरी एखाद्या प्रत्यक्ष कामांत गेले पाहिजेत, मग तें काम हिशेबनिसाचें असो, शेतमालाच्या विक्रीचें असो कीं संगणकाचें.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे, व तिच्याकडे डोळेझांक करून वरील उपदेश करणें लबाडीचें होईल. पदवी हातीं येतांच स्थळें पाहण्यास आरंभ होतो अशा घरांत, 'मी स्पर्धापरीक्षेची तयारी करतें' एवढें म्हटल्यानें मुलीस दोन-चार वर्षांची मुदत मिळते. शहरांत राहण्याची, स्वतःच्या नांवाचें कांहीं करण्याची दुसरी परवानगी तिला कोणी दिलेलीच नसते. तिला दोन प्रयत्नांनंतर थांब असें सांगणें म्हणजे बोहल्यावर चढ असें सांगणें होय. तेव्हां ती थांबत नाहीं यांत तिचा काय अपराध? तिच्या बाबतींत ही मर्यादा घालावयाची तर प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत, यंत्रशाळेंत किंवा स्वतःच्या दुकानांत जाण्याची तीच मोकळीक तिला आधीं मिळाली पाहिजे, आणि लग्नासाठीं म्हणून बाजूस ठेवलेली रक्कम या कामीं खुली झाली पाहिजे. वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबर मुलीचा वांटा महाराष्ट्रानें १९९४ सालीं व साऱ्या देशानें २००५ सालीं कायद्यानें मान्य केला आहे. धंद्याच्या भांडवलासाठीं तिनें त्या वांट्याचा विषय काढला, तर बापानें भुंवया चढविण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.