भीतीचे माप

“भीती ही मोजता येण्याजोगी वस्तू आहे काय?” असे आमच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे. सुरतेत राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, हे स्वाभाविकच होय. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची वार्ता पसरली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसे हे शहर सोडून गेली. त्यांत नंदुरबार-भुसावळकडची वाट धरणारी आपली माणसेही होती. मृत्यू मात्र पन्नासच्या आसपास झाले. हे दोन आकडे शेजारी मांडून गेलेल्यांना भित्रे ठरविण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही.

मानसशास्त्रज्ञ भावनेचा शोध माणसाच्या बोलण्यात, देहात आणि कृतीत घेतात. आणि या तिघांची साक्ष नेहमी जुळतेच असे नाही. विल्यम जेम्स यांनी १८८४ साली मांडले की, देहात होणाऱ्या बदलांची जाणीव हीच भावना. यावर कॅनन यांनी १९२७ मध्ये आक्षेप घेतला : छातीची धडधड भीतीत होते, क्रोधात होते, साध्या तापातही होते. नाडीचे ठोके वा तळहाताचा घाम टिपणारे यंत्र खळबळ किती ते सांगते. तिचे नाव सांगत नाही. ते नाव माणूस भोवतालच्या परिस्थितीवरून देतो, असे शॅक्टर व सिंगर यांनी १९६२ मध्ये प्रतिपादिले. त्यांचा प्रयोग पुढे इतरांच्या हाती तितकासा उतरला नाही, हे खरे. परंतु घरात कोणाचे अंग तापले की प्रथम प्लेगच आठवावा, असे ते दिवस होते!

अफवांविषयीचे संशोधन तर आपल्याच देशातले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जेथे धक्का जाणवला पण हानी झाली नाही, तेथे याहून भयंकर संकट येणार अशा वावड्या उठल्या होत्या. दुर्गानंद सिन्हा यांना दार्जिलिंगला दरडी कोसळून प्रत्यक्ष नाश झाला तेथे तसे आढळले नाही. फेस्टिंजर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात यावरून अनुमान काढले की, मनात भीती असते, पण तिला शोभेल असे कारण समोर नसते; म्हणून मन ते कारण रचते. सुरतेतही पाण्यात विष कालविल्याची आवई उठली. मात्र येथे रोगी खरे होते आणि कित्येक खासगी दवाखाने बंद झाले होते. तेव्हा येथील भीतीला कारण रचावे लागले नव्हते. दूरच्या शहरांत तोंडाला रुमाल बांधून हिंडणाऱ्यांना फेस्टिंजर यांचे अनुमान अधिक लागू पडेल.

आणखी एक अडचण आहे. “त्या वेळी किती भीती वाटली होती?” असे आज विचारले, तर शेवट ठाऊक असलेला मनुष्य उत्तर देतो, स्मरणातील भीती नंतरच्या समजुतीप्रमाणे लहानमोठी होते. म्हणून त्याच आठवड्यात लिहिलेली पत्रे मोलाची. तारीख दिसेल असे एखादे आंतर्देशीय पत्र कोणाच्या पेटीत असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्याची नक्कल आम्हांस अवश्य पाठवावी.