घोळका हवा, पण कोणता?

बारावीचे निकाल लागून प्रवेश आटोपले, की गणपतीच्या सुमारास आमच्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येऊ लागतो. कळंब, भूम, परंड्याकडचा मुलगा. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेला आणि सुटीत घरी आलेला. वजन तीन-चार किलोंनी उतरलेले, पित्त वाढलेले, झोप नाही, छातीत धडधड. आई सांगते, ‘डॉक्टरसाहेब, याला मेसचं जेवण मानवत नाही.’ रक्त-लघवी तपासावी तर सगळे ठीक. जरा बोलते केले की कळते, पोराला तिकडे जोडीदार नाही. एकटेपणाने भूक जाते, झोप जाते, हे खरेच आहे. त्याला नाटक समजू नये. पण असा एकटा पडलेला मुलगा भेटेल त्या घोळक्यात शिरायला तयार असतो, आणि मला काळजी वाटते ती तिथे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा घोळक्यांना रीतसर नावे आहेत. मुलांची फ्रॅटर्निटी, मुलींची सोरोरिटी, आणि बहुतेकींची नावे ग्रीक अक्षरांत. या प्रथेची सुरुवात १७७६ साली व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात झाली. नव्या मुलाने त्यांच्या घरी भेटी द्यायच्या, पसंत पडला तर बोलावणे येते, मग काही आठवडे उमेदवारी आणि शेवटी सभासदत्व. यात वाईट काही नाही. वाईट आहे ती उमेदवारीच्या काळातली परीक्षा. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अशाच एका रात्री भराभर दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला आणि मित्रांनी तासन् तास डॉक्टर बोलावला नाही. पोरगा गेला.

आपल्याकडे ग्रीक अक्षरे नाहीत, पण होस्टेलवर ‘इंट्रो’ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८ वर्षांच्या नव्या विद्यार्थ्याला सीनिअर मुलांनी सुमारे तीन तास उभे करून ठेवले. तो कोसळला आणि दगावला. नुसते उभे राहून काय होते, असे कोणी म्हणेल. हालचाल न करता उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी पोहोचते, माणूस भोवळ येऊन पडतो. बाकी काय होईल ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर.

उठाबशांचे तसेच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मुलाला दोघांनी धरून आणले. मांड्या लाकडासारख्या कडक, जिना चढवेना, आणि लघवी काळ्या चहासारखी. रात्री त्याला तीनशेवर उठाबशा काढायला लावल्या होत्या. सवय नसताना असा ताण पडला तर स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे तुंबतात. त्याला त्याच दुपारी सोलापूरला पाठवले. आठ दिवस सलाइनवर राहून बरा झाला. वडील विचारत होते, ‘अरे, तू नाही का म्हणाला नाहीस?’ मुलगा म्हणाला, ‘नाही म्हटलं असतं तर वर्षभर कोणी बोललं नसतं.’ लघवीचा असा रंग दिसला तर पाणी पिऊन वाट पाहत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. आणि दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्याला ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून सोडू नये. त्याला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, गुन्हा सिद्ध झाल्यास कॉलेजातून नाव कमी आणि पाच वर्षे कुठेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा मोफत फोन १८००-१८०-५५२२. नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाइल नेमका त्या वेळी हातातून काढून घेतलेला असतो.

मग मुलाने शिरावे कुठे? आपल्या मुलखात चांगले घोळके होते आणि आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची पोरे एकत्र राहून आपली कामे आपण करीत. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातल्या गरजू मुलांसाठी. आणि सर्वांत सोपी म्हणजे १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना, जिच्या बिल्ल्यावर कोणार्कचे चाक असते. कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे पहिल्या वर्षी नाव द्यायचे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या खेड्यात सात दिवसांचे निवासी शिबिर. इथेही अंग दुखते, पण ते चर खणून.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याकडच्या गावांत ठिकठिकाणची कॉलेजची मुले मदतीला आली होती. मी तेव्हा शिकत होतो. ढिगारे उपसताना झालेल्या त्यांतल्या काही ओळखी आजही टिकून आहेत. कोणी कोणाकडून उठाबशा काढून घेतल्या नव्हत्या.

पालकांना एक सांगायचे आहे. फोनवर ‘जेवलास का’ एवढेच विचारता, त्याऐवजी ‘कोणाबरोबर जेवलास’ हे विचारत जा. आणि मुलीने शिबिराचे संमतीपत्र पुढे केले की आमच्याकडे वडिलांचे पेन हटकून हरवते. मुलाच्या पत्रावर सही करताना ते सापडते! शिबिरात मुलींबरोबर कोणत्या मॅडम राहणार आहेत ते विचारून घ्या, त्यांचा नंबर लिहून घ्या आणि सही करा.