जामसावळीचा प्रसाद



यंदाच्या पोळ्याला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलंच वाजलं. सौंसरला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं एक फोटो टाकला. मित्राच्या गोठ्यात तो बैलाशेजारी उभा, कपाळावर गुलालाचं बोट, चेहऱ्यावर हसू. दहा मिनिटांत नागपूरहून माझ्या थोरल्या भावाचा मेसेज: "हे आपल्यात चालत नाही. फोटो काढून टाक." मग कुणी देवाच्या आज्ञांची आठवण करून दिली, कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, भाच्यानं ग्रुप सोडला, बहिणीनं रडून त्याला पुन्हा जोडलं. आम्ही ख्रिस्ती. चार पिढ्यांपासून. आणि चार पिढ्यांपासून हे भांडण आमच्या घरात कुठल्या ना कुठल्या रूपात चालूच आहे.

मी मध्ये काही बोलले नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या श्रद्धेत देवाचा वाटा किती आणि भीतीचा किती? माझं आता बासष्टीच्या पुढचं वय, शिक्षिकेची नोकरी करून निवृत्त झाले. या वयात तरी खरं बोलावं, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट 1969 सालची. मी नऊ वर्षांची. बाबा सरकारी शाळेत मास्तर, त्यांची बदली पांढुर्ण्याहून सौंसरला झालेली. तेव्हा दोन्ही गावं छिंदवाडा जिल्ह्यात होती. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सौंसर त्यात गेलं. आमच्या ख्रिस्ती लोकांची गावात मोजून चार घरं. रविवारची उपासना कुणाच्या तरी ओसरीवर, मोठ्या सणाला छिंदवाड्याचं देऊळ. देवळात हिंदी, घरात मराठी, आणि आजीशी बोलताना आपली इकडची बोली.

शेजारच्या काकू शनिवारी जामसावळीला जाऊन आल्या. जामसावळीचा मारुती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. झोपलेला मारुती, सौंसरहून जवळच. काकूंनी ओट्यावर खेळणाऱ्या आम्हा सगळ्या पोरांच्या हातावर खोबरं-चिरंजी ठेवली. मीही खाल्ली. गोड होती.

दुसऱ्याच दिवशी संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी मूर्तीला वाहिलेलं खाणाऱ्यांचं काय होतं ते सांगितलं. आग, धूर, कधी न मरणारा किडा. बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असणार. पण मला तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी ताप भरला. आईनं विचारलं, बाबांनी विचारलं, मी तोंड उघडलं नाही. शेवटी रात्री आजीच्या कुशीत बोलून टाकलं.

आजी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "काहून रडून राहिली वो पोरी? देव एवढा हलका हाय का, खोबऱ्याच्या तुकड्यानं रुसाले?"

मग तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. 1896-97 चा दुष्काळ मध्यप्रांतात फार वाईट पडला होता. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई या भागात येऊन शेकडो मुलींना आपल्याबरोबर पुण्याकडे घेऊन गेल्या. माझी पणजी त्यांच्यात नव्हती, ती इकडच्याच एका मिशनच्या अनाथाश्रमात पोचली. आठ वर्षांची पोर, आईबाप वाटेत गेलेले. आजीचं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं: "मह्या मायले कोनं नरकाचं भेव नाही दाखवलं. भाकर देल्ली. भाकरीनं आलो आपन."

भाकरीनं आलो. हे वाक्य मोठेपणी मला फार छळत राहिलं, कारण याच वाक्याला बाहेरच्या जगात दुसरं नाव आहे: प्रलोभन.

आमच्या राज्यात हा विषय जुना. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात 1954 साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. अहवाल 1956 मध्ये आला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं. आपण छिंदवाडेकर मराठी बोलत मध्य प्रदेशातच राहिलो. पुढे 1968 मध्ये धर्म स्वातंत्र्य अधिनियम झाला. बळजबरीनं, फसवून किंवा प्रलोभन दाखवून धर्मांतर करायचं नाही, असा तो कायदा. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो वैध ठरवला.

त्या कायद्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलंय. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. 'बळजबरी' कशाला म्हणायचं हे सांगताना कायद्यानं दोन धमक्यांचा खास उल्लेख केला: देवाचा कोप होईल ही धमकी, आणि समाजातून बाहेर टाकू ही धमकी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले. कारण दुसऱ्या धर्मात नेताना जी बळजबरी ठरते, तीच आपल्या धर्मात ठेवताना संस्कार ठरते! मला ताप आणणारी ती आग म्हणजे देवाच्या कोपाचीच धमकी होती की नाही? फरक इतकाच, की मी कुठून कुठे जात नव्हते. मी जन्मानंच आत होते.

आणि ही फक्त आमची गोष्ट नाही, हेही स्पष्ट लिहिते. त्याच काकू पहिली दोन वर्षं आमच्याकडचं पाणी पीत नव्हत्या. प्रसाद द्यायच्या, पण आमच्या माठाला हात लावायच्या नाहीत. त्यांनाही कसली तरी भीती होतीच. पांढुर्ण्याची गोटमार घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. लोक जखमी होतात, आजवर जीवही गेलेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून पाहिले, चालले नाहीत. विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, परंपरा मोडली तर चंडीमाता कोपेल. डोकं फुटायचं भय नाही, पण कोपाचं आहे. मी हसत नाही त्यांना. मी ती आग ओळखते.

पण मंडळी, देवाच्या कोपाची भीती वयाबरोबर बरीचशी विरते, निदान माझी तरी विरली. दुसरी भीती विरत नाही. ती मला बाबांनी शिकवली, आणि तेही न बोलता.

एका वर्षी शाळेची सहल जामसावळीला गेली. मीही त्याच शाळेत. सगळी पोरं, सगळे गुरुजी दर्शनाला आत गेले. बाबा बाहेर राहिले. हेडमास्तर म्हणाले, "चला मास्तर, नमस्कार नका करू, नुसतं बघायला चला." बाबा म्हणाले, "पोरांच्या चपला कोण सांभाळेल?" आणि दीड-दोन तास ते उन्हात चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी उभे राहिले. मीही त्यांच्याबरोबर उभी. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. बाबा देवासाठी उन्हात उभे आहेत असं वाटलं.

बाबा 1998 मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी एकदा मी त्यांना ती सहल आठवते का विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "आत गेलो असतो तर देव काही बोलला नसता. मंडळी बोलली असती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्यात चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. चार घरांची मंडळी. मुलांची लग्नं त्यांच्यातूनच जुळायची, मेल्यावर खांदा त्यांनीच द्यायचा. एका दर्शनानं बाबांची श्रद्धा बुडाली नसती, पण माणसं गेली असती. आणि दुसरीकडे गावाची भीती होतीच. मास्तर कुणाला बाटवतात की काय, ही कुजबुज एकदा शाळेत झाली, तेव्हा बाबांनी घरातली सगळी धार्मिक पत्रकं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली. ती मला घर विकताना सापडली, उंदरांनी कुरतडलेली. आतल्यांची भीती आणि बाहेरच्यांची भीती, या दोन्हींच्या मध्ये माझा बाप उभा होता, चपला सांभाळत.

आता माझ्या भावाची बाजू मांडते, कारण ती पोकळ नाही. दादाचं म्हणणं असं: देवाचं भय म्हणजे घाबरणं नव्हे, आदर. दुसरा देव मानू नका ही पहिलीच आज्ञा आहे. आणि आपण मूठभर लोक, आज गुलाल, उद्या आरती, परवा नातवंडांना आपण कोण हेच कळणार नाही. सगळंच सारखं म्हटलं तर पणजीनं मिळवलेलं आपण का राखायचं?

यातला शेवटचा प्रश्न मला खरोखर अडवतो. सगळं सारखं आहे असं मीही मानत नाही. मी कुठल्या आरतीत ताट धरत नाही, आणि कुणी आग्रह केला तर हसून नाही म्हणते. पण पौलानं करिंथच्या मंडळीला नेमकं याच विषयावर लिहिलं होतं, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल. त्याचं सांगणं थोडक्यात असं की मूर्ती काही नाही, अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. मात्र तुमच्या खाण्यानं एखाद्या कच्च्या भावाचं मन ठेचाळत असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नका. म्हणजे खायचं की नाही हे ठरवताना पौल आगीकडे बोट दाखवत नाही, शेजारी बसलेल्या माणसाकडे दाखवतो. दादाला मी एवढंच म्हणेन: नको म्हण, पण भिऊन नको म्हणू नकोस. भिऊन म्हटलेलं 'नाही' समोरच्याला तिरस्कारासारखं ऐकू येतं. काकूंना वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं.

न भिता ख्रिस्ती झालेला माणूस कसा असतो, हे बघायचं तर रेव्हरंड टिळक आहेत. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळकांना त्यात ओढून घेतलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, नरकाच्या वर्णनानं नव्हे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, घर दुरावलं. लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला आणखी पाचेक वर्षं लागली. सोवळं-ओवळं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं, ते सुटलं त्यांच्या स्वतःच्या विचारानं, कुणाच्या धाकानं नाही. म्हणूनच त्या इतक्या मोकळ्या हसू शकतात, स्वतःलाही.

आणि टिळकांनी मागचं काही फेकलं का? तुकाराम-ज्ञानेश्वर बरोबर घेऊनच ते गेले. भजन-कीर्तन त्यांनी देवळात आणलं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीही आणि न घेतलेल्यांसाठीही. ज्याला पगार जायची भीती नाही आणि जात जायची भीती उरलेली नाही, त्याचं दार उघडं राहू शकतं. आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला टिळकांची भजनं पाठ होती. नागपूरच्या मावशीकडून शिकलेली.

आज मात्र भीती वाढते आहे. 2021 च्या नव्या कायद्यानं मध्य प्रदेशात धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली. फसवणूक रोखायला कायदा हवा, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकते. खोटी आमिषं दाखवणारे आमच्यात कधी नव्हतेच, असा दावाही मी करणार नाही. पण ओसरीवर प्रार्थना घ्यायची तर आता आमची माणसं आधी दार लावून घेतात, हेही तुम्हाला माहीत असावं. आणि दार लावलेल्या खोलीत उपदेश करणारा पुन्हा आगीकडेच वळतो: बाहेर सैतान आहे, आतच राहा. बाहेरची प्रत्येक धमकी आमच्यातल्या कडव्या माणसाचं काम सोपं करते.

म्हणून माझं मत दोन वाक्यांत. शेजाऱ्यानं तुमचा प्रसाद नाकारला तर लगेच अपमान मानू नका, त्याच्या मागे कुणाची भीती उभी आहे ते बघा. आणि आम्ही, आमच्या पोरांना देवाची पहिली ओळख आगीनं करून देणं बंद करू.

परवा भाच्यानं ग्रुपवर लिहिलं, "मामा, मी बैलाला ओवाळलं नाही. खांद्याला हळद-तूप चोळलं. वर्षभर जू तोच वाहतो ना." खाली मी माझ्या पणजीच्या भाकरीची गोष्ट टाकली. दादाच्या नावापुढे दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही. दादा विचार करतो आहे असं मी धरून चालले आहे.

तुमच्या घरी देवाची पहिली ओळख कशी झाली, धाकानं की मायेनं? कुठल्याही धर्माचे असा, आठवत असेल तर खाली नक्की लिहा. चूकभूल द्यावी घ्यावी.