घरचे गारीगार : चॉकलेटातले केळे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि पारा बेचाळिसाच्या वर गेला की धर्माबादसारख्या गावात लेकरांची एकच मागणी असते : काहीतरी थंड द्या. दुपारी गल्लीत घंटी वाजते. बर्फाचा गोळा, गारीगार, प्लॅस्टिकच्या नळीतले रंगीत पाणी, काडीवरची कुल्फी, सगळे दारात येते. आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यातली काही लेकरे जुलाब, उलट्या, विषमज्वर किंवा कावीळ घेऊन आम्हा डॉक्टरांच्या दारात येतात. प्रत्येक आजार गोळ्यामुळेच होतो असे मी म्हणणार नाही. पिण्याचे पाणी, उघड्यावरचे पदार्थ, न धुतलेले हात यांचाही त्यात वाटा असतोच. पण एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही वाटते की एवढ्या थंडीत जंतू जगणार कसे?

वाचकहो, जंतू उकळण्याने मरतात, गोठण्याने नव्हे. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू बर्फात झोपी जातात आणि पोटाची ऊब मिळाली की जागे होतात. बर्फ ज्या पाण्याचा, त्या पाण्याइतकाच तो शुद्ध. अनेक ठिकाणी लाद्यांचा बर्फ मासे किंवा माल थंड ठेवण्यासाठी बनतो, खाण्यासाठी नव्हे. हा फरक लोकांना डोळ्यांनी कळावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली अन्न व औषध प्रशासनाने खाण्यास अयोग्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम केला. पण गोळ्यावर लाल-हिरवे सरबत ओतल्यावर खालचा बर्फ कोणत्या रंगाचा होता हे कोण पाहतो?

मग लेकरांना 'अजिबात खायचे नाही' असे सांगावे काय? तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, या सांगण्याचा उपयोग होत नाही. घरी 'नाही' म्हटले की लेकरू आजोबांकडून पाच रुपये घेऊन कोपऱ्यावर जाते. नुसती बंदी घालून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो. आज असाच एक पर्याय सुचवतो आहे. नाव ऐकून काही वाचक म्हणतील, डॉक्टरांना झाले तरी काय! तो पर्याय म्हणजे चॉकलेटात बुडवून गोठवलेले केळे.

ही काही नवी टूम नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बाल्बोआ नावाच्या ठिकाणी १९४० च्या दशकापासून काडीला लावलेले, गोठवून चॉकलेटात बुडवलेले केळे विकले जाते. आता मोबाइलवर असे प्रकार पाहून आपली मुलेही त्यांचा हट्ट धरतात. मात्र त्यात दिसते ती स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्या गावात येईपर्यंत निम्मी मऊ पडते आणि भाव सोन्याचा होतो. तिच्यामागे धावायचे कारणच नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, मुदखेडची केळी पिकतात. इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेली ही केळी दूर उत्तरेकडच्या बाजारांपर्यंत जातात. ती आपल्या घरात मात्र 'डाग पडला' म्हणून टाकून दिली जातात.

खरे तर डाग पडलेले केळेच या कामाला उत्तम. साल पिवळी होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके आले की आतल्या पिठूळ भागाची साखर झालेली असते. फळ गोड आणि मऊ होते. असे केळे गोठवले की ते बर्फासारखे कडक न होता आइस्क्रीमसारखे लुसलुशीत लागते. कलिंगडाचे तसे होत नाही. त्यात पाणीच फार, म्हणून त्याचा दगड होतो. चिकू, घट्ट गराचा आंबा आणि बिनबियांची द्राक्षेही चालतात. केळी घेताना एवढेच पाहावे की ती कार्बाइडने पिकवलेली नसावीत. फळे कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही सावध असावे आणि सोलण्यापूर्वी केळी धुवून घ्यावीत.

आता कृती. दोन मध्यम केळी सोलून प्रत्येकी आठ चकत्या कराव्यात. ताटाला तुपाचा हात लावून किंवा बटर पेपर पसरून त्यावर त्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडाव्यात आणि दोन-तीन तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. नंतर पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करावा. त्यावर कोरडे वाडगे असे बसवावे की त्याचा तळ पाण्याला लागू नये. वाडग्यात पन्नास ग्रॅम चॉकलेटचे तुकडे आणि एक छोटा चमचा खाण्याचे खोबरेल तेल घालून हळूहळू ढवळावे. थेट आचेवर चॉकलेट करपते. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते फाटल्यासारखे होऊन त्याचा रवाळ गोळा बनतो, म्हणून वाडगे, चमचा, हात सगळे कोरडे हवे. खोबरेल तेलाने चॉकलेट पातळ होते, त्याचा थर बारीक बसतो आणि थंड केळ्याला लागताच अर्ध्या-एक मिनिटात कडक होतो. चकती बुडवली की लगेच तिच्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, तीळ किंवा खोबऱ्याचा कीस भुरभुरावा. सगळ्या चकत्या पुन्हा अर्धा तास गोठवाव्यात, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून आठवडाभरात संपवाव्यात.

चॉकलेट कोणते घ्यावे? वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. पहिले नाव साखरेचे आणि दुसरे वनस्पतिजन्य चरबीचे असेल, तर कोको त्यात नावापुरताच आहे असे समजावे. खऱ्या चॉकलेटात कोकोचे लोणी असते. ते सुमारे ३४ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या जरा खाली वितळते; म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळते आणि आपल्याकडे मे महिन्यात दुकानातल्या कपाटातही! परवडेल तर कोकोचे प्रमाण जास्त असलेले घ्यावे. नाही तर साधी कोको पावडर, खोबरेल तेल आणि थोडी पिठीसाखर कोमट करून घोटली तरी काम भागते, आणि साखर किती घालायची ते आपल्या हातात राहते.

आता हिशेब पाहू. वरच्या प्रमाणात सोळा तुकडे होतात. एका तुकड्यात सुमारे तीन ग्रॅम चॉकलेट जाते. चार तुकडे खाल्ले तर अर्धे केळे आणि बारा ग्रॅम चॉकलेट पोटात जाते. त्यात वरून घातलेली साखर साधारण सहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. उष्मांक शंभर-सव्वाशेच्या घरात. याउलट २०० मिलिलिटर शीतपेयात वीस ग्रॅमच्या वर, म्हणजे पाच चमचे साखर असते आणि फळाचा त्यात अंशही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्य तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे सहा चमचे. लहान मुलांना त्याहूनही कमी. एका शीतपेयाच्या बाटलीत हे माप जवळजवळ संपते, चार तुकड्यांत संपत नाही.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो. या पदार्थात आपल्याला खायचे आहे ते केळे. चॉकलेट हे केवळ आमिष आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे खावीत. आपल्या घरांतून फळ आणले जाते ते उपासाला नाही तर आजाऱ्याला. ज्या लेकराला साधे केळे 'बोअर' वाटते, ते चॉकलेटाच्या लोभाने अर्धे केळे खात असेल तर मला ते चालते. पण उद्या कोणी 'डॉक्टरांनी सांगितले, चॉकलेट हृदयाला चांगले' असे म्हणत वड्याच्या वड्या फस्त करू लागला, तर ते मला मुळीच चालणार नाही. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, गोड वड्या नव्हेत. आणि हृदयविकाराच्या एकूण घटना त्यानेही ठोसपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा चॉकलेट हा खाऊ आहे, औषध नव्हे. अति तेथे माती हा नियम त्यालाही लागू आहे.

दुसरे असे की हा खाऊ बक्षीस म्हणून देऊ नये. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेटचे केळे देईन' असे म्हटले की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, ही गाठ लेकराच्या मनात कायमची बसते. आठवड्यातून दोनदा, दुपारी, सगळ्यांनी मिळून चार-चार तुकडे खावेत आणि विषय संपवावा.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. चार वर्षांखालच्या मुलांना गोठलेला कडक तुकडा, अख्खे द्राक्ष किंवा अख्खा शेंगदाणा कधीही देऊ नये; शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून जीव धोक्यात येतो. त्यांना केळे थोडे मऊ झाल्यावर बारीक करून द्यावे, द्राक्ष उभे चिरावे आणि शेंगदाण्याचा बारीक कूटच वापरावा. खाताना मूल बसलेले असावे, पळत नसावे. मधुमेह्यांनी केळ्याची साखर 'नैसर्गिक' म्हणून हिशेबाबाहेर ठेवू नये. एखादा तुकडा, तोही आपल्या डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना केळ्यातले पोटॅशियम बाधू शकते. थंड खाल्ल्याने सर्दी होते ही समजूत खरी नाही, सर्दी विषाणूंमुळे होते. पण दम्याच्या मुलाला फार थंड पदार्थाने खोकल्याची उबळ येऊ शकते, त्याने सावकाश खावे. बर्फाच्या कप्प्यात मांस-मासळी असेल तर डबा घट्ट झाकणाचा हवा. आणि आपल्याकडे वीज जातेच. तुकडे पूर्ण वितळून बराच वेळ उबेत राहिले असतील तर ते पुन्हा गोठवू नयेत. आणि करायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. नाही तर गाड्यावरचे जंतू टाळून आपण घरचे जंतू गोठवू.

आणखी एक गोष्ट मनात येते. फ्रीज प्रत्येक घरात नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोनाऐवजी चार केळी घ्यावीत आणि शेजारच्या लेकरांनाही बोलवावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी धुतलेली द्राक्षे किंवा मोसंबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावी; ती थंड होते आणि पोटालाही बरी. बर्फगोळेवाल्यावर माझा राग नाही, तोही पोटासाठीच उन्हात फिरतो. स्वच्छ पाण्याचा, खात्रीचा बर्फ त्याला वाजवी दरात मिळेल अशी सोय नगरपालिकेने केली, तर त्याचा धंदाही टिकेल आणि लेकरेही वाचतील.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चव लहानपणी लागते आणि रोग चाळिशीत दिसतो. म्हणून ही दोन केळी सोलायला आईला एकटीला बसवू नका. वडिलांनी केळी आणावीत, आजीने कूट करावा, लेकरांनी चकत्या बुडवाव्यात. ज्या लेकराने आपल्या हाताने खाऊ केला, त्याला त्यात काय घातले हे ठाऊक असते. पुढे तेच लेकरू दुकानात वेष्टन उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचू लागेल.