आधी मोती, मग दार

पौष लागला की रायपूरच्या समता कॉलनीतल्या दारांना उसंत नसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. आमच्या आणि शेजारच्या चौबे कॉलनीतल्या मराठी बायका वाणाच्या पिशव्या घेऊन या घरून त्या घरी जात असतात. पौष पौर्णिमेला छत्तीसगडचा छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं झोळ्या घेऊन दारोदार मागत फिरतात, आणि त्या दिवशी कुणालाही रित्या हाताने परत पाठवायचं नसतं. पण ज्या गेटवर 'कुत्ते से सावधान'ची पाटी आहे आणि आतून भुंकणं ऐकू येतंय, तिथे ती पोरं जरा घुटमळतात आणि पुढचं घर गाठतात. मला ते बघवत नाही.

मी स्वतः कुत्रा पाळते. आमचा मोती गावठी आहे, मायाळू आहे, आणि अनोळखी माणूस दिसला की घर डोक्यावर घेतो. म्हणूनच ठामपणे लिहिते की दारात आलेल्या माणसाची भीती घालवणं हे यजमानाचं काम आहे. "अहो वहिनी, या ना आत, काही करत नाही तो!" हे वाक्य कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. वहिनी एका हाताने निऱ्या सावरत, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरून गेटबाहेर उभ्या असतात. तो काही करत नाही हे घरच्यांना ठाऊक असतं. वहिनींना फक्त त्याचे दात दिसतात.

आणि दरवेळी काही होत नाही असंही नाही. जुलै 2024 मध्ये आमच्याच रायपुरात, अनुपम नगरात, सामान पोचवायला आलेल्या माणसावर घरातले दोन पिटबुल धावून गेले. जीव वाचवायला तो उभ्या गाडीवर चढला. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याआधी जानेवारी 2023 मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जेवण घेऊन आलेल्या तरुणामागे जर्मन शेफर्ड लागला. घाबरून त्याने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि तो गेला. अशा घटना झाल्या की सगळे जातीच्या नावाने बोटं मोडतात. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हताच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जात विचारत नाही. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पार्सल घेऊन आलेला पोरगाही आपल्या दारी आलेला माणूसच आहे.

कुत्रा असा का वागतो, हे त्याच्या बाजूने पाहिलं की बरंच उमगतं. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन जातो. पोस्टमनला पुढची पत्रं वाटायची असतात म्हणून तो जातो, पण कुत्र्याची खात्री पटते की मी भुंकलो म्हणून हा पळाला. रोज कुरिअर, दूधवाला, भाजीवाला हाच धडा पक्का करतात. मग एक दिवस पाहुणा येतो आणि जातच नाही, सोफ्यावर बसतो. कुत्रा बिथरतो तो इथे. त्यात आपण त्याला गेटपाशीच साखळीने बांधतो. माणूस दिसतो, पण त्याच्यापर्यंत जाताही येत नाही आणि त्याच्यापासून लांबही होता येत नाही. रोज अशी ओढाताण झाली की शांत कुत्राही चिडखोर होतो.

मोतीसाठी आम्ही हॉलच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, एक जुनी गोधडी घातली. आधी बेलशिवाय शिकवलं. गोधडीवर बसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, तोही हातात न देता त्याच्या पुढच्या पायांमध्ये टाकायचा, म्हणजे उडी मारायचं कारणच उरत नाही. मग बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक लावायचा आणि लगेच तुकडा. आवाज हळूहळू वाढवायचा. भुंकला तर ओरडायचं नाही, आवाज पुन्हा कमी करायचा. मग घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची. पावलोवच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना खाणं आणणाऱ्याच्या नुसत्या पावलांनीही लाळ सुटू लागली होती. इथेही तेच साधायचं आहे. बेल म्हणजे शत्रू आला, याच्याऐवजी बेल म्हणजे गोधडीवर खाऊ. घरातल्या सगळ्यांनी मात्र एकच नियम पाळायला हवा. सासूबाईंनी गोधडीवर पाठवायचं आणि नातवाने दाराशी नेऊन लाड करायचे, असं चाललं तर कुत्रा काहीच शिकत नाही.

पाहुण्यांनाही दोन गोष्टी सांगाव्यात, त्याही आत येण्याआधी. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका. त्याला वाटलं तर तो येऊन हुंगेल. घरच्यांनी नजर कुत्र्यावर ठेवावी. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखं नाक चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, ही सगळी 'मला लांब जाऊ द्या'ची बोली आहे. गुरगुरला म्हणून चापट मारणारे बरेच असतात. मला ते सर्वांत धोक्याचं वाटतं. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो. लहान मूल आणि कुत्रा यांना तर एकटं सोडूच नये, कुत्रा कितीही गुणी असो.

तरीही दात लागलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा. घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असली तरी माणसाला लस द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं.

काही कुत्र्यांना पाहुणे कधीच आवडत नाहीत, विशेषतः जी म्हातारी आहेत किंवा पूर्वी कुणाचा मार खाऊन आलेली आहेत. त्यांना माणसांत आणण्याचा हट्ट कशाला? पाहुणे यायच्या आधीच मागच्या खोलीत पंखा, पाणी आणि चघळायला काहीतरी ठेवून दार लावून घ्यावं. घाईघाईत, बेल वाजल्यावर ओढत नेलं तर ती त्यांना शिक्षा वाटते. मी आता घरी येणाऱ्याला फोनवरच विचारते, "कुत्र्याची भीती वाटते का हो?" हो म्हणाले, तर मोती मागच्या खोलीत, आणि त्यांचा चहा होऊन ते गेटबाहेर पडेपर्यंत ते दार उघडायचं नाही. "एकदा बघा तरी किती गोड आहे" म्हणूनसुद्धा नाही.