काट्यावरचा संशय

परवा जवळच्याच एका गावात सप्ताहाच्या मांडवात व्याख्यान झालं. विषय अर्थातच ‘मनावर ताबा’. व्याख्याते कोण ते विचारू नका. या जमातीवर मी इथं इतक्यांदा लिहिलंय की संपादकही आता नुसता उसासा टाकतात. शेवटी एका बाईनं उठून विचारलं, मुलगी कोपरापर्यंत हात धुत बसते, कातडी सोलवटलीय तरी थांबत नाही, काय करावं? उत्तर आलं, “ताई, उद्यापासून खुरपायला न्या. हात धुवायला सवडच मिळणार नाही.” मांडव हसला, टाळ्या पडल्या, बाई खाली बसली. आता ती हा प्रश्न पुन्हा कुणाला कधी विचारेल, देव जाणे.

मंत्रचळ म्हणा, ओसीडी म्हणा, मुळात हा संशयाचा आजार. साबण, पाणी, कडी-कुलूप ही त्याची निमित्तं. आणि संशय म्हणजे काय, हे नीरा डाव्या कालव्याखाली ऊस लावणाऱ्याला बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेतून कुणी येऊन शिकवायला नको. आपण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर वाढलेली माणसं.

हंगाम सुरू झाला की घरोघर एकच हिशेब. फडात नजरेनं अठरा टन भरलेली गाडी पावतीवर सोळा टन कशी झाली? काटामारीविरुद्ध शेतकरी नेते राजू शेट्टींनी इतकी वर्षं रान उठवलं ते उगाच नाही. (आमच्या कारखान्याबद्दल मी बोलत नाहीये, संचालकांनी फोन करू नये.) मग शेतकरी काय करतो? वाटेतल्या खासगी काट्यावर गाडी चढवतो, भरलेलं वजन घेतो आणि कारखान्याच्या पावतीशी ताडून बघतो. जुळलं तर गुमान घरी. नाही जुळलं तर भांडण, अर्ज, वैधमापनवाल्यांचं भरारी पथक. काहीही झालं तरी प्रकरण एका टोकाला लागतं. त्याचा संशय काट्यावर असतो, म्हणून दुसऱ्या काट्यानं तो फिटतो.

आता मंत्रचळ लागलेला माणूस घ्या. रात्री दोनला तो मोटार बंद केली का बघायला विहिरीवर जातो. स्टार्टर बंद असतो. अंथरुणावर पडतो न पडतो तोच वाटतं, लाल बटण खरंच दाबलं, की दाबल्यासारखं वाटलं? पुन्हा जातो. बंदच. पण नीट पाहिलं का? तिसऱ्या खेपेला मोबाइलवर फोटो काढून आणतो. उशाशी बसून फोटो बघताना शंका येते, हा कालचा तर नाही? इथं काटा बिनचूक आहे, पावतीही खरी आहे. पावती वाचणाऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय. अशा माणसाला शंभर काट्यांवर फिरवलं तरी वजन जुळायचं नाही.

त्याहून वाईट म्हणजे दर फेरवजनाला पासंग वाढत जातो. हे माझ्या पदरचं नाही. मार्सेल व्हॅन डेन हौट आणि मेरेल किंड्ट या नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा बंद करून तपासायला लावली. दुसऱ्या गटाला त्याऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी शेगडीबद्दल विचारलं, तर दोन्ही गटांना ती सारखीच अचूक आठवत होती. पण जे शेगडीच तपासत बसले होते, त्यांना ती अंधूक आठवत होती आणि आपल्या आठवणीचा भरवसा वाटत नव्हता. म्हणजे तपासण्यानंच संशय पिकला, तोही निरोगी पोरांत! हे वाचल्यापासून मी ‘एकदा बघून ये, म्हणजे शांत झोप लागेल’ असं घरात कुणाला म्हणत नाही.

घरातली माणसं तर आपण होऊन खासगी काटा बनतात. “कडी लावली ना गं?” “लावली.” “तू पाहिलीस?” “पाहिली, बाबा.” माया म्हणून दिलेलं प्रत्येक ‘हो’ म्हणजे एक फेरवजन. पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा गाडी काट्यावर.

आणि ज्यांची गाडी कुणाला दिसतच नाही, ते? करंज्याच्या सोमेश्वरासमोर हात जोडताच ज्याच्या डोक्यात शिव्या उमटतात तो श्रद्धाळू माणूस, किंवा तान्ह्या बाळाजवळ विळी दिसली की नको तो विचार येऊन थरथरणारी आई. हाही ओसीडीच. या विचारांचा त्यांना स्वतःलाच भयंकर तिटकारा असतो, म्हणून तर ते छळतात. अशी माणसं वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत. त्यांनाही खुरपायला न्यायचं का?

जाता जाता: शेतीपंपाला रात्रीची वीज देणाऱ्यांनी आमच्या भागात स्टार्टर तपासणाऱ्यांची संख्या नक्की वाढवली असणार, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका. दिवसा वीज द्या, मग मोजू.

उपचाराचं सूत्र मात्र काट्याच्या अगदी उलटं आहे: फेरवजन बंद. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दोन रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आज तिला ईआरपी म्हणतात. भीती वाटते तिथं जायचं आणि मग जी कृती केल्याशिवाय राहवत नाही ती करायची नाही. मोटार एकदाच बंद करायची, मागं वळून बघायचं नाही, फोटो नाही, बायकोला विचारणं नाही. जीव कासावीस होतो. तो होऊ द्यायचा. बहुतेकदा तो हळूहळू आपोआप निवतो; नाही निवला तरी संशय सोबत घेऊन झोपता येतं, हे माणूस शिकतो. हे सारं रुग्णाच्या संमतीनं, सोप्या पायरीपासून चढत. घरच्यांनी उद्या नळाची तोटी काढून ठेवली तर त्याला उपचार म्हणत नाहीत, मारहाणीचा धाकटा भाऊ म्हणतात.

गोळ्याही आहेत: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन. जुनी क्लोमिप्रामिनही कामाची. नैराश्याला लागतो त्यापेक्षा डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. आपल्याकडं पंधराव्या दिवशीच ‘फरक नाही’ म्हणून पाकीट फडताळात जातं. गुण आल्यावरही गोळी वर्ष-दोन वर्षं चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांनी.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे गोळी लिहून देणारा डॉक्टर पुण्याच्या अलीकडं मिळतो. ईआरपी बसून करून घेणारा माणूस मिळणं अवघड. फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ वर आहे, मराठीतही बोलतात. व्याख्यानाच्या पत्रिकेत हा नंबर छापायला किती शाई लागली असती?

आपल्याकडं डोळ्यांची, शुगरची शिबिरं तर होतच असतात. पुढच्या शिबिरात एक टेबल मानसशास्त्रज्ञाचंही मांडा. ‘मनोरुग्ण तपासणी’ असा फलक लावू नका, चिटपाखरू फिरकणार नाही. टेबल डोळ्यांच्या टेबलाला खेटून ठेवा. कुणी पाहिलंच, तर चष्म्याचा नंबर काढायला आलो होतो, असं सांगता येतं.

— फडकरी